दुसरी रेघ

आमच्या दादांचा, म्हंजे माझ्या वडलांचा, एकच कायदा होता. पयला नमुना खरा.

साखर कारखान्याच्या लॅबमधी त्यांची सारी नोकरी गेली. उसाचा रस मिलमधून पडला की बाटलीत धरायचा, लगेच तपासायचा, त्याच्यात साखर किती ते काढायचं. रस घंटाभर पडून राह्यला की आंबतो, मंग त्याचा आकडा खोटा येतो. म्हणून दोन नमुन्याचे आकडे जुळले न्हाई तर उशिराचा नमुना मोरीत, पयला रजिस्टरमधी. ह्याच्यात दादांची चूक काढायची कोणाची हिंमत नव्हती.

पण माणूस लॅबमधून घरी आला तरी लॅब काही सुटत नव्हती. चहाचा पयला घोट घ्यायचे आन् निकाल द्यायचे. दुसऱ्या घोटाला चहा कितीबी चांगला लागला तरी निकाल बदलत नव्हता. लग्नासाठी तीन ठिकाणच्या पोरी बघायच्या ठरल्या होत्या, तर पयल्याच ठिकाणी माय दिसली आन् हे बाकीच्या दोन गावांना गेलेच न्हाई. "बाकीचे नमुने घ्यायची गरजच पडली न्हाई," असं चारचौघांत सांगायचे. माय आतून म्हणायची, "माझा रस तवाच आंबला."

मी अंबडला बारावी केली, मंग कॉलेजात नाव टाकलं आन् कारखान्याच्या कॉलनीत नकला करत फिरू लागलो. कारखान्याचा भोंगा, एसटीचा कंडक्टर, गणिताचे मास्तर, शेजारच्या काकूची शिंक, सगळं यायचं. पण माझं सगळ्यात पक्कं काम म्हंजे चीफ केमिस्ट साहेब. साहेब पुण्याकडचे. बोलायच्या आधी खाकरायचे, मंग "हे पाहा" म्हणायचे, आन् मंग इतकं थांबायचे की समोरच्याला वाटावं फोन कटला. एकदा मी दाराआडून तसं खाकरलो तर दादा ताटावरून उठून हुभे राह्यले, उष्ट्या हातानं. सगळे हसले. दादा हसले न्हाई. दोन दिवस माझ्याशी बोलले न्हाई, आन् तिसऱ्या दिवशी म्हणले, "त्या माणसाची करू नको. बाकी कोणाची बी कर."

मी कबूल केलं.

ते थंडीचे दिवस होते, हंगाम जोरात. दादांची पहाटे चारची पाळी होती. सकाळी आठच्या सुमाराला लॅबमधला एक माणूस घरी आला आन् म्हणला, तुझ्या बापाला घाम फुटून राह्यला, जबडा दुखून राह्यला, तो म्हणतो पित्त हाय. मी गाडी काढली. दादांनी लॅबमधी सोडा पेला होता, मिशीला त्याचा फेस होता. गाडीवर मागं बसले तवा मला म्हणले, जल्दी सोड मला परत, दहाचा नमुना घ्यायचा हाय.

वडीगोद्रीला हायवेच्या कडेला एका नव्या डॉक्टरचा दवाखाना होता. चार खाटा, एक कंपाउंडर, छातीचा ईसीजी काढायची मशीन. डॉक्टर पोरगेला होता, जास्तीत जास्त माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठा, आन् बोलताना मान अशी पुढं काढायचा की कोंबडीच. त्यानं ईसीजी काढला, म्हणला, ह्याच्यात साफ कळत न्हाई. मंग बोटभर लांबीची एक पांढरी पट्टी काढली, दादांचं रक्त घेतलं, त्याचे थेंब त्याच्यावर टाकले.

त्या तपासणीचं नाव ट्रॉपोनिन. दादांनी नाव दोनदा म्हणून घेतलं, रसायनाचं नाव चुकलेलं त्यांना चालत नव्हतं. डॉक्टरनं समजावलं: पट्टीवर एक रेघ येणारच, ती पट्टी चांगली असल्याची. दुसरी आली तर समजायचं, हृदयाचा स्नायू मरून राह्यला आन् त्याच्यातलं द्रव्य रक्तात उतरून राह्यलं.

पंधरा मिनिटं आम्ही तिघं त्या पट्टीकडं बघत बसलो. एकच रेघ आली.

दादा उठून चप्पल शोधू लागले. डॉक्टरनं त्यांना बसवलं आन् तेच सांगू लागला जे मी आज झोपेतबी म्हणू शकतो. म्हणला, दुखणं सुरू होऊन एक-दोन तासच झालेत. हे द्रव्य रक्तात यायला वेळ लागतो, तीन तास, चार तास, कधी सहा. म्हणून एवढ्यात निकाल धरायचा न्हाई. दुपारी परत तपासू. तोवर इथून हलायचं न्हाई.

हे तो सांगून राह्यला होता तवा मी काय करून राह्यलो होतो? त्याच्या मागं हुभं राहून मी मान पुढं काढून राह्यलो होतो. कोंबडी. दादांनी माझ्याकडं बघितलं, त्यांना हसू आलं, आन् डॉक्टरची अर्धी गोष्ट त्या हसण्यात गेली. त्यांची बी आन् माझी बी.

मंग मी बाहेर जाऊन घरी निरोप धाडला की रेघ एकच हाय, काळजी न्हाई. हॉटेलातून गरम भजे घेतले. डॉक्टरनं दादांना खाऊ दिले न्हाई, तर मी आन् कंपाउंडरनं खाल्ले. दादा खाटेवर पडून कंपाउंडरला रसाचं शास्त्र शिकवू लागले. छातीचं विचारलं की म्हणायचे, थोडं जड हाय, बाकी काही न्हाई. अकराच्या सुमाराला माय आली, डबा घेऊन, एका ट्रॅक्टरवर बसून. तिनं त्यांचं तोंड बघितलं आन् मला बाजूला घेऊन म्हणली, ह्यांचा रंग मला बराबर वाटंना. मी तिला डॉक्टरची मान करून दाखवली. ती हसली न्हाई.

दोनच्या पुढं डॉक्टरनं परत रक्त घेतलं. पयली रेघ लगेच आली. मंग काही येळ काहीच न्हाई. मंग तिच्या शेजारी, पाण्यात काडी धरल्यावर दिसते तशी, दुसरी. आधी वाटलं माझ्या डोळ्याला दिसली. मंग ती गडद होत गेली, आन् पयलीपेक्षा जाड झाली.

डॉक्टरची मान त्या टायमाला पुढं आली न्हाई. सरळ बसून तो म्हणला, औरंगाबादला न्यायचं, आत्ता. गाठ विरघळायचं औषध तिथं हाय, माझ्याकडं न्हाई. दोन गोळ्या चघळायला लावल्या, जिभेखाली एक ठेवली, दंडात एक सुई दिली.

आन् आमचे दादा म्हणले, "हा नमुना आंबला."

मी आजबी सांगतो, ते अडाणी माणसाचं बोलणं नव्हतं. माणूस मोठ्या अदबीनं, एका केमिस्टनं दुसऱ्याला सांगावं तसं सांगत होता. सकाळचं रक्त ताजं होतं, त्याचा निकाल साफ आला. दुपारी तुम्ही सुईनं घेतलेलं रक्त टेबलावर राह्यलं, तुम्ही एक पेशंट बघून आले, मंग थेंब टाकले. दोन निकाल जुळंना तर पयला धरायचा. आमच्याकडं असंच चालतं साहेब. तरी तुमचं समाधान होत नसंल तर तिसरा घ्या, तीनात दोन जिकडं, तिकडचा निकाल धरू.

डॉक्टर म्हणला, पट्टी संपली. आन् असती तरी येळ न्हाई.

त्यानं मंग सगळं केलं. चित्र काढलं. हात जोडले. मायला सांगितलं. माय रडली, तिनं देवीची शपथ घातली, पिंपळगावच्या रेणुकामायला चोळी-बांगडी बोलली. दादा तिची समजूत काढू लागले. वाईट म्हंजे जिभेखालच्या गोळीनं आन् सुईनं त्यांचं दुखणं कमी झालं होतं. ते म्हणले, बघा, दुखत बी न्हाई आता. म्हंजे कोणता नमुना खरा ते शरीरच सांगून राह्यलं. शेवटी डॉक्टरनं एक कागद लिहिला, पेशंट जायला तयार न्हाई, आन् सही मागितली. दादांनी सही केली, तारीख टाकली, येळ टाकली. लॅबची सवय.

सव्वातीन झाले होते. मी भित्तीवरच्या घड्याळाकडं बघितलं तवा मला पयल्यांदा कळलं की माझा बाप इथून चालत जाईल, चारला घरी पोचंल, चहाचा पयला घोट घेईल आन् मरंल.

मी म्हणलं, "दादा, माझ्यासाठी चला."

"तू काय डॉक्टर हाय?" ते म्हणले. "सकाळी त्याची कोंबडी करत होता ना?"



त्यांनी जन्मात कोणाचं ऐकलं असंल तर एका माणसाचं. मी रस्ता ओलांडून एसटीडीत गेलो, कारखान्याला फोन लावला. ऑपरेटर म्हणला, चीफ केमिस्ट साहेब आज दुपारीच पुण्याला मीटिंगला गेले, परवा येतील. मी फोन ठेवला. बूथमधी काचेवर माझं तोंड दिसत होतं. मी परत फोन उचलला आन् समोरच्या पाटीवर लिहिलेला दवाखान्याचा नंबर फिरवला. कंपाउंडरला मघाच्या ऑपरेटरच्या आवाजात म्हणलं, कारखान्यातून बोलतो, पेशंटला द्या, साहेब बोलणार हायेत.

काचेतून, रस्त्याच्या पलीकडं, दवाखान्याच्या दारातून मला दादा दिसत होते. एका पायात चप्पल होती. फोन हातात घेतला आन् ते सरळ झाले.

मी खाकरलो. "हे पाहा," म्हणलं, आन् थांबलो. तेवढ्या थांबण्यात एक उसाची ट्रॉली रस्त्यावरून गेली आन् दादा दिसंनासे झाले.

"जी साहेब."

"दुसरा नमुना तुम्ही टाकून दिलात असं कळलं."

"जी. आंबला साहेब तो. पयला साफ होता."

आता पुढं काय बोलायचं ते मला माहीत नव्हतं. साहेबाचा आवाज माझ्याकडं होता, साहेबाची अक्कल नव्हती. लहानपणी डबा द्यायला कारखान्यात जायचो, ते मी डोळ्यासमोर आणू लागलो. मिल, रस, कढया. आन् मंग पॅन आठवला. पॅन म्हंजे तो मोठा हंडा, त्याच्यात पाक शिजून साखरेचा दाणा धरतो. पॅनवाला सारखा एक दांडा आत घालून थोडा पाक काढतो, काचेवर पसरतो, उजेडात धरून बघतो, दाणा आला का.

"पॅनमधला दाणा," मी म्हणलं, "पहिल्या काचेवर दिसतो का?"

"न्हाई साहेब."

"मग केव्हा दिसतो?"

"दुसऱ्या, तिसऱ्या. शिजंल तसा."

"म्हणजे पहिल्या काचेवर दाणा नव्हता म्हणून पॅन तुम्ही सोडून देता का?"

 मला त्यांची पाठ दिसत होती.

"डॉक्टर तुम्हाला पॅनचं सांगत आहेत," मी म्हणलं, "आणि तुम्ही रसाचं ऐकता आहात."

"बराबर आहे साहेब," दादा म्हणले. लय हळू म्हणले. "बराबर आहे. माझ्या ध्यानातच आलं न्हाई."

"निघा मग. लगेच."

"रजा?"

"रजा मंजूर."

मी फोन ठेवायला पाहिजे होता. काम झालं होतं. पण साहेबाचा फोन साहेब ठेवतो, आन् मी थांबलो, सवयीनं, आन् त्या थांबण्यात दादा म्हणले, "साहेब, एक विचारू का? ह्याच्यातून निघतो ना मी?"

 माझा आवाज न्हाई हालला. पक्कं काम होतं ते माझं.

"निघाल," साहेब म्हणले.

"न्हाई, समजा न्हाई निघालो तर म्हणून विचारतो. माझं पोरगं हाय. नुसतं हसवत फिरतं. वाईट न्हाई साहेब, हुशार हाय, पण त्याला अजून कळत न्हाई की माणसाला काहीतरी करावं लागतं. त्याला लॅबमधी घ्या. बाटल्या धुवायला घ्या. शिकंल तो."

बूथवाला मला खुणेनं पाणी पायजे का विचारत होता.

"घेऊ," मी म्हणलं, आन् फोन ठेवला.

रस्ता ओलांडून आलो तवा दादा दोन्ही चपला घालून खाटेवर बसले होते. मला म्हणले, कुठं हिंडतो, गाडी बघ, साहेबाचा फोन आल्ता. माय माझ्याकडं बघत होती, पण तिच्या डोळ्यांत नुसता आनंद होता. साहेब म्हणले ह्याच्यातून निघतील, असं तिनं मला सांगितलं. दादांनी फोन ठेवताच तिला तेच सांगितलं होतं.

एक जीप मिळाली. रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या, एकीच्या मागं दुसरी, कोणी बाजू देईना. पाचोडला अर्धा घंटा गेला. आडूळच्या पुढं दादांना परत घाम फुटला आन् ते बोलायचे थांबले. मी त्यांना सगळ्या नकला करून दाखवल्या. कंडक्टर, मास्तर, काकूची शिंक. दादा डोळे मिटून ऐकत होते. साहेबाची तेवढी मी केली न्हाई.

औरंगाबादला दिवस मावळायच्या टायमाला पोचलो. तिथं रेघ नव्हती, तिथं मशीन होती आन् ती आकडा द्यायची. तिथल्या मोठ्या डॉक्टरनं औषध लावलं आन् विचारलं, सकाळपासून कुठं होते. मी सांगितलं. त्यानं नुसतं सिस्टरकडं बघितलं. मंग मला म्हणला, ह्या आकड्यावरून आम्हाला कळतं हृदयाचा किती भाग गेला. आकडा जितका वर जाईल तितका माणूस हातातून जायचा धोका जास्त.

पयला आकडा एक अंकी होता. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन अंकी झाला, आन् दुपारी आणखी वर.

दादांना आकडे सांगावेच लागले. न्हाई सांगितले तर ते सिस्टरला विचारायचे. पेन मागून त्यांनी एक्स-रेच्या पाकिटावर आडवी-उभी रेघ मारली, तास आन् आकडा, आन् ठिपके जोडले. रेघ वर चढत होती. पाकीट उशाखाली ठेवलं आन् मायशी गावाकडचं बोलत राह्यले.

तिसऱ्या दिवशी सकाळी आकडा उतरला.

दादांनी ठिपका मारला. ठिपका बराबर जागेवर पडला. रेघ खाली वळली. त्यांनी मायला पाकीट दाखवलं, आन् मला म्हणले, "साहेब बराबर म्हणले. शेवटचा नमुना खरा." साऱ्या जन्माचा कायदा त्यांनी त्या सकाळी बदलला, माझ्यासमोर, हसत. मायनं सिस्टरच्या हातावर साखर ठेवली.

मी पळत डॉक्टरकडं गेलो. तो व्हरांड्यात चालत होता, चालताचालताच म्हणला, "तो उतरतोच. स्नायू मरून संपला की रक्तात यायला उरत न्हाई. किती उतरला ते बघायचं नसतं, वर कुठवर गेला होता ते बघायचं असतं." मी विचारलं, कुठवर गेला होता? त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आन् आकडा सांगितला, जो मला माहीत होता.

मी परत वॉर्डात आलो. दादा म्हणले, काय म्हणला? मी म्हणलं, चांगलं हाय म्हणला. हे मी माझ्याच आवाजात म्हणलं.

त्याच दिवशी दुपारी, माय डबा धुवायला गेल्ती तवा, ते गेले.

पाचव्या दिवशी साहेब घरी बसायला आले. खरे साहेब. पुण्याहून आल्यावर त्यांना कळलं होतं. सतरंजीवर मांडी घालून बसले, खाकरले, पण "हे पाहा" म्हणले न्हाई. मायनं डोक्यावरचा पदर सारखा केला आन् हात जोडले.

"तुमचा फोन आल्ता म्हणून ते औरंगाबादला गेले तरी साहेब. आमचं कोणाचंच ऐकत नव्हते. तुमचे उपकार हायेत."

साहेबांनी मायकडं बघितलं, मंग दाराकडं, मंग माझ्याकडं. ते इतके थांबले की मला वाटलं ते उठून जातील.

"आन् पोराला लॅबमधी घेतो म्हणले तुमी," माय म्हणली. "त्यांनी जीपमधी सांगितलं मला."

मी म्हणलं, "माय, तो फोन साहेबांनी न्हाई केला. मी केला. एसटीडीतून."

 शेजारच्या काकू दारात होत्या, त्या मागं सरकल्या. साहेबांनी मला विचारलं, "काय सांगितलंस त्यांना?"

"पॅनचं सांगितलं. दाणा पयल्या काचेवर दिसत न्हाई म्हणून."

 "मीही हेच सांगितलं असतं," साहेब म्हणले. "सकाळीच सांगितलं असतं, मला कोणी विचारलं असतं तर." मंग त्यांच्या ध्यानात आलं की आपण काय बोललो.

माय माझ्याकडं बघून राह्यली होती. ती रागात नव्हती. ती काहीतरी जुळवून राह्यली होती, फोनमधला एकेक शब्द दादांनी तिला सांगितला होता तसा.

"मंग ह्याच्यातून निघाल म्हणून कोण म्हणलं?" तिनं विचारलं.

"मीच."

"तुला कोणी सांगितलं होतं तसं? त्या डॉक्टरनं?"

"न्हाई माय."

तिनं समजल्यासारखी मान हलवली. मंग साहेबांना म्हणली, चहा घेऊन जा, आन् आत गेली. आम्ही बाहेर बसून राह्यलो, साहेब आन् मी. आतून स्टोला पंप मारल्याचा आवाज आला, मंग बंद झाला, मंग परत आला न्हाई.